छत्तिसावा दिवस

व्यसनी माणसाविषयी आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. ॲडमिट व्हायला तयार आहे का? आणि बाहेर आल्यावर पुन्हा घेतली का? या दोन प्रश्नांच्या मध्ये जे घडते त्याला आपण उपचार म्हणतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले की निकाल तयारच असतो. इच्छाशक्ती नव्हती, संगत सुटली नाही, पैसे पाण्यात गेले. शिकलेल्या घरांत आणि वस्त्यांत ही समज सारखीच आढळते. ती बाळगणारे लोक पुष्कळदा मनाने चांगले असतात, व्यसनी माणसाचा तिरस्कारही करत नाहीत. तरीही ही समज उथळ आहे आणि तिच्यापायी माणसे मरतात.

माझे म्हणणे असे. व्यसनाच्या उपचारात माणूस बहुधा निसटतो तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. रुग्णालयातून व्यसनमुक्ती केंद्रात, केंद्रातून घरी, घरातून कामावर, गोळ्यांच्या एका चिठ्ठीवरून पुढच्या चिठ्ठीवर. या प्रत्येक सांध्यावर त्याला धरून ठेवणारा, नावानिशी जबाबदार असलेला एक माणूस लागतो. या कामाला जगभर केस मॅनेजमेंट म्हणतात. आपल्याकडे ते ‘फॉलोअप’ या नावाखाली कुणाच्या तरी उरलेल्या वेळात ढकलले जाते. हे काम उपचाराचा कणा मानले नाही, तर खाटा कितीही वाढवल्या तरी आपण तिथेच राहू. पुण्याच्या मंडईतला कष्टकरी डोळ्यांसमोर ठेवून मी हे मांडणार आहे, कारण खाटेभोवती रचलेली व्यवस्था सर्वांत आधी त्याच्यापाशी मोडते, आणि तिला पर्यायही त्याच्याच जगात सापडू शकतो.

१. आजार मान्य, पण कोणत्या जातीचा?

व्यसन हा आजार आहे, हे वाक्य आता सगळ्यांच्या तोंडी आहे. पण बोलणाऱ्याच्या मनातला आजार असतो अपेंडिक्ससारखा. ॲडमिट केले, ऑपरेशन झाले, टाके काढले, विषय संपला. व्यसन या जातीचे नाही. २००० साली अमेरिकेतल्या थॉमस मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना मांडली. अमली पदार्थांच्या व्यसनातून उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक वर्षभरात पुन्हा वापराकडे वळतात. उच्च रक्तदाब आणि दमा या आजारांत त्रास पुन्हा उफाळण्याचे प्रमाण ५० ते ७० टक्के आहे. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण कुणाला ‘तुझी लायकीच नाही’ असे म्हणत नाही. गोळी बदलतो, मीठ कमी करायला सांगतो, महिन्याने परत बोलावतो.

या तुलनेतून लोक एवढाच बोध घेतात की व्यसनी माणसाला दोष देऊ नये. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. दीर्घकालीन आजाराचा खरा प्रश्न असतो, लक्ष कोण ठेवणार? आणि याचे उत्तर देणे आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेला मुळीच अशक्य नाही, कारण क्षयरोगासाठी तिने ते दिलेले आहे. क्षयरोग्याची ‘निक्षय’ पोर्टलवर नोंद होते. गोळ्या नीट घेतल्या जातात की नाही हे पाहणारा उपचार-सहायक ठरवून दिला जातो. गोळ्या चुकल्या तर कुणीतरी घरी येते. माणूस दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर त्याची नोंद तिकडे पाठवता येते. २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये खात्यात जमा होऊ लागले, पुढे त्यांचे १,००० झाले. या यंत्रणेत त्रुटी भरपूर आहेत. पण तिच्या मुळाशी असलेले गृहीतक शहाणपणाचे आहे. औषध चांगले असूनही माणूस ते मध्येच सोडणार, तेव्हा त्याच्या मागे जाणे हादेखील उपचाराचाच भाग आहे. दारू किंवा गर्द (ब्राउन शुगर) सोडू पाहणाऱ्या माणसाबाबत मात्र आपण नेमके उलटे गृहीत धरतो. गरज असेल तर तो स्वतः येईल, आणि आला नाही म्हणजे त्याला सुटायचेच नव्हते.

आणखी एक आकडा लक्षात घ्यावा लागेल. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० जणांत एकाला. म्हणजे उद्या देशातल्या सगळ्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या खाटा दुप्पट केल्या तरी उरलेल्या प्रचंड बहुसंख्येचा आणि खाटेचा कधी संबंधच येणार नाही. सारी चर्चा खाटेभोवती फिरत राहिली, तर ती फारच थोड्या लोकांविषयीची चर्चा ठरते.

२. मंडईतला माणूस आणि सात दारे

महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ सालची. तेव्हा ती ‘रे मार्केट’ होती. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. जवळच जमिनीखाली मेट्रोचे मंडई स्थानक २०२४ मध्ये सुरू झाले. तरी इथले मूळ काम बदललेले नाही. पहाटे माल येतो, तो उतरवायचा, पाटीत भरायचा, डोक्यावरून नाहीतर हातगाडीवरून गाळ्यापर्यंत पोहोचवायचा. पैसे रोजच्या रोज, रोख. दिवसाचा जोर दुपारपर्यंत ओसरतो. म्हणजे पहाटेपासून अंगमेहनत केलेला, थकलेला, खिशात रोकड असलेला माणूस भर दुपारी मोकळा होतो. व्यसनाच्या दृष्टीने याहून धोक्याची वेळ शोधून सापडायची नाही.

आता एक नमुना घेऊ. हा कुणी विशिष्ट माणूस नाही, पण या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही तो ओळखू येईल. पंचेचाळिशीचा पाटीवाला. सकाळी हात इतका थरथरतो की पाटीला हात घालण्याआधी थोडी देशी घ्यावी लागते. बायको गाळ्याबाहेर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकते. एकदा तो तापाने दोन दिवस घरी पडून राहतो, दारू आपोआप बंद होते आणि त्याला फिट येते. वैद्यकाच्या दृष्टीने यात नवल नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, घाम, भास यांचा जीवघेणा झटकाही येऊ शकतो. त्याला रुग्णालयात नेतात. तिथले डॉक्टर आपले काम नीट करतात, फिट थांबवतात, सलाइनमधून जीवनसत्त्व देतात. घरी सोडताना कागदाच्या तळाला इंग्रजीत एक ओळ असते, ‘मानसोपचार ओपीडीला दाखवा’. तो कागद चार घड्या होऊन बायकोच्या पिशवीत जातो, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये.

ओपीडी सकाळची असते. सकाळ हीच दोघांची कमाईची वेळ. पहिले दार इथे बंद होते, आणि ते कुणीही मुद्दाम बंद केलेले नसते.

समजा, दीर खटपट करतो आणि हा माणूस केंद्रात दाखल होतो. तिथे पस्तीस दिवस तो बरा राहतो, जेवतो, झोपतो, गटात बोलू लागतो. तेवढे दिवस घरात एकाच माणसाची कमाई. भिशीचा हप्ता थकतो. ज्याच्याकडून व्याजाने पैसे घेतलेत तो दारात येतो. शाळेतून फीचा निरोप येतो. या कशाचीच केंद्राला कल्पना नसते, कारण तशी विचारण्याची पद्धत नाही. बाहेर पडताना त्याला पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात. सोळाव्या दिवशी औषधाच्या दुकानात नवी चिठ्ठी मागतात. ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायची, त्यांनी त्याला कधी पाहिलेले नसते. मुकादमाला एवढेच माहीत असते की हा न सांगता गायब झाला होता, त्यामुळे टोळीतली त्याची जागा दुसऱ्याला गेलेली असते. आता सुटे काम शोधायचे, म्हणजे जुन्याच अड्ड्यावर उभे राहायचे. खोकला महिनाभर आहे, पण थुंकी तपासायला कुणी पाठवलेले नाही.

मोजून पाहा. रुग्णालय, ओपीडी, केंद्र, औषध दुकान, मुकादम, सावकार, शाळा. सात दारे, आणि एका दाराला दुसऱ्याचा पत्ता नाही. प्रत्येक ठिकाणी भेटणारा माणूस आपापल्या परीने प्रामाणिक असेल. तरीही छत्तिसाव्या दिवशी हा पाटीवाला मंडईत उभा असतो तेव्हा त्याच्या बरे होण्याची जबाबदारी जगात एकाही माणसावर नसते. मग तो प्यायला तर आपण म्हणतो, इच्छाशक्ती नव्हती. त्या दिवशी त्याच्याकडून जेवढी इच्छाशक्ती अपेक्षित आहे तेवढी आपल्यापैकी कितीजणांकडे असते?

३. हे काम नेमके काय आहे

केस मॅनेजमेंट ही कल्पना अमेरिकेत साठच्या दशकानंतर रुजली. १९६३ च्या कायद्यानंतर तिथली मोठमोठी मनोरुग्णालये रिकामी होऊ लागली, उपचार गावोगावच्या छोट्या सेवांमध्ये विखुरले गेले, आणि रुग्ण त्या सेवांच्या मधल्या फटींतून गळू लागले. तेव्हा या सेवा एका माणसाभोवती बांधून ठेवणारा कर्मचारी लागला. व्यसनोपचारात ही पद्धत पुढे आली आणि १९९८ मध्ये तिथल्या सरकारी संस्थेने त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. कामाचे टप्पे पुस्तकात सोपे दिसतात. माणसाची सगळी परिस्थिती समजून घेणे, त्याच्यासोबत बसून योजना ठरवणे, लागतील त्या सेवांशी त्याला जोडून देणे, लक्ष ठेवणे आणि गरज पडेल तिथे त्याच्या बाजूने भांडणे.

समुपदेशनाशी याची गल्लत होते, म्हणून फरक स्पष्ट करतो. समुपदेशक माणसाच्या मनात काय चालले आहे ते पाहतो. केस मॅनेजर पाहतो की उद्या सकाळी त्याला ओपीडीत जायचे आहे तर बायकोच्या जुड्यांपाशी कोण बसणार. तो आदल्या संध्याकाळी फोन करतो. पहिल्या वेळी स्वतः रांगेत उभा राहतो, कारण पहिल्याच खेपेला ‘उद्या या’ ऐकून परतलेला माणूस पुन्हा येत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-रात्र मराठीत लिहून घेतो. पाटीवाल्याची परवानगी घेऊन मुकादमाला भेटतो आणि टोळीतली जागा महिनाभर राखून ठेवायला सांगतो. खोकल्याची चौकशी करून थुंकीच्या तपासणीला पाठवतो.

वरवर ही कामे किरकोळ वाटतात, पण त्यांत जीव वाचतात. दोन उदाहरणे पुरेत. भिंतींवर आणि रिक्षांच्या मागे ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. त्या वाचून किंवा कुणाच्या सांगण्यावरून घरचे लोक डायसल्फिरामची गोळी कुटून आमटीत मिसळतात. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर छातीत धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळतो, आणि आधीच हृदय किंवा यकृत बिघडलेले असेल तर माणूस दगावू शकतो. तीच गोळी माणसाने समजून-उमजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतली तर उपयोगी औषध आहे. घरात येऊन-जाऊन असलेल्या, विश्वासाच्या माणसाला हा प्रकार आठवड्याभरात कळतो. ओपीडीतल्या डॉक्टरला तो कधीच कळत नाही. दुसरे उदाहरण गर्दचे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरते. बाहेर आलेला मुलगा जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबून मरतो. हा धोका सर्वांत मोठा असतो तो सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे नेमका ज्या काळात त्याच्याकडे पाहणारे कुणी नसते त्या काळात.

४. आपल्या मातीत याची बीजे आहेत

ही परकी कल्पना आहे असे कुणी म्हणू नये. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. गर्दने मुलांचे काय होते आहे हे अनिल अवचटांनी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभे केले. मारहाण, कोंडून ठेवणे, अपमान यांना तिथे पहिल्यापासून थारा नव्हता, हे त्यांचे मोठेपण सर्वज्ञात आहे. मला त्यांची दुसरी एक दृष्टी तितकीच महत्त्वाची वाटते. पस्तीस दिवसांचा कार्यक्रम म्हणजे सुरुवात, हे त्यांनी ओळखले. म्हणून पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आला, वेगवेगळ्या शहरांत पाठपुरावा केंद्रे आली, बरे झालेली माणसे संस्थेशी जोडलेली राहिली. खाटेबाहेरचे काम हेच मोठे काम आहे, ही जाण महाराष्ट्रात जवळपास चाळीस वर्षांपूर्वी होती. ती एका संस्थेच्या संस्कारापुरती राहिली, व्यवस्थेचा नियम झाली नाही, हे आपले दुर्दैव. एखादी संस्था तिच्याकडे आलेल्यांचा पाठपुरावा करू शकते. जो दुसरीकडे दाखल झाला, किंवा कुठेच झाला नाही, त्याचे काय?

कायद्यानेही दार उघडून ठेवले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोविकार स्पष्टपणे येतात. त्याचे कलम ९८ सांगते की रुग्णाला घरी सोडताना पुढचे उपचार कसे चालतील, याविषयी मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी आणि त्याची काळजी घेणाऱ्यांशी विचारविनिमय करायचा आहे. पण योजना कागदावर आखल्यावर ती पुढे चालवणारा कर्मचारीच नसेल, तर हे कलम घड्या घातलेल्या आणखी एका कागदापुरते उरते.

इतके तज्ज्ञ आणायचे कुठून, ही यापुढची शंका गोव्याचा अनुभव मिटवतो. तिथल्या ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. दारूमुळे त्रास सुरू झालेल्या ३७७ पुरुषांपैकी काहींना नेहमीचे उपचार दिले, काहींना त्याबरोबर समुपदेशनाची एक ते चार सत्रे दिली. सत्रे घेणारे लोक साधे स्थानिक, या विषयातली पदवी नसलेले, पण शिकवून तयार केलेले. केंद्रात येणे जमत नसेल तर ते घरी जात. तीन महिन्यांनी दारूचा त्रास ओसरलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत २६ टक्के होते, समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. हे पूर्ण अर्थाने केस मॅनेजमेंट नव्हते, आणि अगदी टोकाचे व्यसन असलेल्यांसाठीही ते नव्हते, हे सांगितले पाहिजे. तरी एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली. प्रत्येक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ बसवल्याशिवाय काही करता येत नाही, हे खरे नाही.

५. आक्षेप

“हे सगळे बायको करतेच की.”

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि मला तो सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो वस्तुस्थिती म्हणून खरा आहे. डॉक्टरची तारीख लक्षात ठेवणारी, गोळ्या लपवून ठेवून मोजून देणारी, मुकादमापुढे हात जोडणारी, हप्तेवाल्याला ‘पुढच्या महिन्यात’ सांगणारी, रात्री दहाला अड्ड्यावरून नवऱ्याला शोधून आणणारी बाईच असते. महाराष्ट्रात व्यसनोपचाराची केस मॅनेजमेंट आज अस्तित्वात आहे ती अशी, बिनपगारी, बिनहक्काची. पण ज्या माणसाच्या हातचा मार तिने खाल्ला, त्याच्या बरे होण्याची देखरेख तिनेच करायची, ही मागणी अन्यायाची आहे. शिवाय ती निष्फळही आहे. बायकोने गोळीची आठवण केली की ती ‘कटकट’ होते. तिने खिसा तपासला की भांडण. ती घाबरून पैसे देते, कारण न दिले तर मुलांसमोर तमाशा होतो. त्याच्यावर लक्ष ठेवणे आणि त्याच्यासोबत संसार करणे अशी दोन कामे एकाच व्यक्तीला दिली तर दोन्ही बिघडतात. रुग्णालयात तिच्या शब्दाला वजन नाही, पोलीस चौकीत नाही, मुकादमापुढे नाही. पगारी, ओळखपत्र असलेल्या माणसाचा एक फोन जे करतो, ते तिच्या दहा चकरांनी होत नाही. केस मॅनेजर नेमण्याचे निम्मे कारण पाटीवाला असेल, तर निम्मे कारण ती आहे. तिला पुन्हा फक्त बायको, आई, भाजीवाली होता यावे. तिला हवे असेल तर वेगळे होण्याचा रस्ताही कुणीतरी दाखवावा, कारण केस मॅनेजरचे काम संसार टिकवणे हे नाही.

“असा हात धरून चालवला तर माणूस पांगळा होईल.”

जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी, हे तत्त्व मला मान्य आहे. व्यसनमुक्तीच्या कुठल्याही गंभीर परंपरेत, ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभांतसुद्धा, माणसाला स्वतःच्या कृत्यांपासून पळू दिले जात नाही. पण न पिण्याची जबाबदारी आणि सात खिडक्या एकट्याने पालथ्या घालण्याची जबाबदारी या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्याचीच राहावी म्हणून दुसरी वाटून घ्यायची. आणि ही मदत कायमची नसते. पहिले तीन महिने दाट, मग आठवड्याला, मग महिन्याला, मग त्याने हाक मारली तरच.

“पुरावा कुठे आहे?”

हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तसेच देतो. २००७ साली हेस्से आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेन ग्रंथालयासाठी उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की केस मॅनेजमेंटमुळे लोक इतर सेवांशी अधिक जोडले जातात. व्यसन त्याने कमी होते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. काही जण यावरून हे काम निकाली काढतात. माझा अर्थ वेगळा आहे. केस मॅनेजर स्वतः औषध नाही. तो माणसाला दारापर्यंत नेतो, आणि दाराआड काही नसेल तर त्याचे नेणे फुकट जाते. संध्याकाळची ओपीडी नसेल, गोळ्या संपलेल्या असतील, राखून ठेवायला काम नसेल, तर जोडणार कशाशी? म्हणून माणूस नेमून मोकळे होण्याला माझा विरोध आहे. त्याच्यासोबत निदान काही दारे खरोखर उघडावी लागतील. पण दारे आहेत आणि नेणारा नाही, अशी आपली स्थिती असताना या आढाव्याच्या आधारे हात झटकणे योग्य नाही.

“हा माणूस खबऱ्या होईल.”

ही भीती रास्त आहे. मंडईसारख्या ठिकाणी, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे एक शब्द फुटला तर माणसाचे काम जाते. गर्द घेणाऱ्याला तर पोलिसांची धास्ती असतेच, जरी अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातले कलम ६४-अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देते. म्हणून दोन बंधने हवीत. मुकादम, घरचे, मालक यांच्यापैकी कुणाला काय सांगायचे, हे तो माणूस ठरवेल, लेखी, आणि ती परवानगी कधीही मागे घेता येईल. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या कायद्याने त्याला दिलेलाच आहे. दुसरे बंधन अधिक कडक असावे. केस मॅनेजर खाटा चालवणाऱ्या संस्थेचा नोकर असू नये. महिन्याच्या शुल्कावर चालणाऱ्या केंद्रासाठी पुन्हा दाखल झालेला रुग्ण म्हणजे पुन्हा उत्पन्न. सगळी केंद्रे असा विचार करतात असे मी म्हणत नाही. पण माणूस खाटेपासून दूर राहण्यात ज्याचे यश आहे, त्याचा पगार खाटेतून येता कामा नये.

६. मंडईपासून सुरुवात का

मंडईत एक गोष्ट अशी आहे जी कुठल्याच रुग्णालयात नाही. तिथे माणूस आला नाही हे पहाटेच कळते. मुकादमाला कळते, शेजारच्या गाळेवाल्याला कळते, चहावाल्याला कळते. दवाखान्याला रुग्ण चुकल्याचे समजते ते महिन्याने, तारीख उलटल्यावर. दीर्घ आजारावर लक्ष ठेवायचे तर ते जिथे आपोआप ठेवले जाते तिथेच उपचाराचे टोक न्यायला हवे. गावपातळीवर हा विचार गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनविरोधी उपक्रमाने केलेला आहे. शहरातली वस्ती विस्कळीत असते, लोक एकमेकांना धरून नसतात. त्यामुळे शहरात गावाची जागा बाजार घेऊ शकतो.

आणि पुण्याच्या हमालांना संस्था उभारणे नवे नाही. बाबा आढावांच्या पुढाकाराने पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली. तिच्या लढ्यातूनही बळ मिळून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला भविष्य निर्वाह निधी, रजा, नोंदणी मिळण्याची वाट उघडली. पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रांनी रास्त दरात पोटभर जेवण दिले. भुकेल्या पोटी अड्ड्यावर जाणे आणि जेवून घरी जाणे यांत किती फरक असतो, हे व्यसनातून उठलेला कुणीही सांगेल. नोंदणी असलेल्या हमालाची महिनाभराची रजा माथाडी मंडळामार्फत मान्य होणे शक्य कोटीतले आहे. खरी अडचण नोंद नसलेल्या पाटीवाल्याची आणि भाजीवाल्या बाईची. केस मॅनेजरचे बरेचसे भांडण त्यांच्यासाठी असेल.

पहिली मागणी म्हणून मी एवढेच सुचवेन. महापालिकेने मंडईच्या परिसरासाठी दोन पूर्णवेळ माणसे नेमावीत, त्यांतली एक बाई असावी, कारण मिश्रीपासून दारूपर्यंत बायकांचे व्यसन बोललेच जात नाही. पुण्यात समाजकार्य शिकवणारी कर्वे संस्थेसारखी जुनी महाविद्यालये आहेत, त्यामुळे शिकलेल्या मुलांची वाण नाही. व्यसनातून बाहेर येऊन काही वर्षे स्थिर राहिलेली माणसेही या कामासाठी उत्तम, पण त्यांना एकट्याने टाकू नये, त्यांच्या पाठीशीही कुणीतरी हवे. बसण्याची वेळ दुपारी बारा ते संध्याकाळी सात, म्हणजे खिशात रोकड येते तेव्हापासून अड्डे भरतात तोवर. आठवड्यातून दोन संध्याकाळी पालिकेच्या जवळच्या दवाखान्यात डॉक्टर बसावेत, एवढे एक दार तरी खरे उघडावे.

पैशाचा प्रश्न निघेलच. राज्याला दारूवरच्या करातून मिळणारे उत्पन्न पाहता दोन पगारांची चर्चा लांबवण्यात अर्थ नाही. अडचण पैशाहून मोजमापाची अधिक आहे. केंद्र सरकारच्या योजनेत व्यसनमुक्ती केंद्रांना मंजुरी मिळते ती १५, ३०, ५० अशा खाटांच्या हिशेबाने. जे मोजले जाते त्याचाच अहवाल जातो, आणि ज्याचा अहवाल जातो त्यालाच निधी येतो. म्हणून अहवालात आणखी एक रकाना हवा. घरी गेल्यानंतर नव्वद दिवसांनी किती जणांचा ठावठिकाणा माहीत आहे. कितीजण कोरडे राहिले, हा प्रश्न नंतरचा. आधी ते कुठे आहेत, जिवंत आहेत ना, कामावर आहेत ना. पहिल्या वर्षी ‘माहीत नाही’चा आकडा मोठाच येणार. त्यासाठी त्या दोघांचा पगार कापू नये, त्यांना कारणे दाखवा नोटीस देऊ नये. तसे केले तर दुसऱ्या वर्षी तो आकडा कागदावर छान कमी झालेला दिसेल, आणि मंडईत काहीच बदललेले नसेल.